एअरसॉफ्टच्या नादात सात महिने: पार्सल, सातबारा, पोलीस स्टेशन आणि शेवटी एकदाचा खेळ

मे २०२४ मध्ये पुण्याचा मावसभाऊ आंबे खायला गावी आला आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवायला लागला, तिकडे कुठल्यातरी मैदानावर गॉगल-मास्क लावून एकमेकांवर छरे मारतायत. म्हणाला दादा, आपल्या सड्यावर काय भारी होईल रे हे. (सडा म्हणजे आमच्याकडचा उघडा कातळाचा माळ.) तिथून माझ्या डोक्यात जे किडं शिरलं ते निघायला डिसेंबर उजाडला. मी कणकवलीत मोबाइल रिपेअरिंग करतो, गाव देवगड तालुक्यात, त्यामुळे मुंबई-पुण्यासारखी विचारायला माणसं जवळपास नव्हती. जे जे ठेचकाळलो ते इथे लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्याचा थोडा वेळ वाचेल.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एअरसॉफ्ट म्हणजे ६ मिमीचा प्लॅस्टिकचा छरा, ज्याला सगळे बीबी म्हणतात. आंगणेवाडीच्या जत्रेत पिवळे छरे उडवणारी बंदूक घेतली असेल लहानपणी, माप तेच. हा प्रकार जपानातून आला, तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक सहजासहजी बाळगता येत नाही म्हणून खेळण्यातली इतकी हुबेहूब करायला लागले. टोकियो मारुई या कंपनीने १९९१ मध्ये बॅटरीवर चालणारी पहिली रायफल काढली, आणि आज लोक एईजी म्हणतात ती त्याच वळणाची. पेंटबॉलसारखा रंग फुटत नाही यात, म्हणजे लागलं की नाही ते ज्याला लागलं त्यानेच 'हिट' म्हणून ओरडायचं आणि हात वर करून बाहेर जायचं. गल्ली क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यू मान्य न करणाऱ्या माझ्या भावंडांबरोबर हे कसं होणार ही मला पहिल्या दिवसापासून खरी काळजी होती.

३ जूनला मी सगळ्यात मोठी चूक केली. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून एक एईजी मागवली, शिपिंग धरून ९,२०० रुपये. २१ जूनला कुरियरवाल्याचा मेल, पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आयातीचा परवाना असेल तर पाठवा. परवाना कसला नि काय, मला वाटलं होतं खेळणं आहे, लिहिताना टॉय असंच लिहून पाठवतील. मग वाचायला बसलो. आपल्याकडे आर्म्स रूल्स २०१६ मध्ये एअर गनला जी लायसन्समधून सूट आहे ती २० ज्यूल ताकद आणि ४.५ मिमी बोअर (नळीचं आतलं माप) या दोन आकड्यांवर आहे. एअरसॉफ्टची ताकद त्याच्या जवळपासही नाही, साधारण एक-दीड ज्यूल, पण छरा ६ मिमीचा, त्यामुळे बोअर जास्त. आता हे कस्टमच्या माणसाला मेलवर कसं समजावणार आणि त्याने का समजून घ्यावं. दोन मेल केले, विक्रेता म्हणाला पार्सल परत आलं की पैसे देतो, ते आजपर्यंत आलेलं नाही. ९,२०० गेले. आईला मी ४,००० सांगितलेत, तिने हे वाचू नये एवढीच इच्छा. तर बाहेरून मागवू नका. इथल्या विक्रेत्याकडून किंवा खेळणं सोडलेल्या माणसाकडून घ्या आणि बिल मागा. जुनी घेतलीत तरी विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या, पुढे पोलीस स्टेशनात तोच कागद पहिला मागितला गेला.

पावसाळा तसाच गेला. ७ सप्टेंबरला गणपती, सगळे चाकरमानी घरात, रात्री भजन आटपल्यावर पडवीत विषय निघाला आणि आठ जण तयार झाले. डोक्याला ५,००० प्रमाणे ४०,००० जमले. कुणीतरी म्हणालं जेलवाल्या बंदुका घेऊया, स्वस्त पडतील, ते पाण्यात भिजवून फुगवायचे मऊ गोळे असतात ना त्या. एक कुणाकडे तरी होती, अंगणात उडवून बघितली तर खाडीवरचा वारा आला की गोळा कुठच्या कुठे. तो विषय तिथेच संपला.

निवडताना काय बघितलं ते जरा सविस्तर लिहितो कारण इथेच सगळे गोंधळतात. तीन प्रकार मिळतात. स्प्रिंगची, म्हणजे दर वेळी हाताने मागे खेचायची आणि एक छरा सोडायचा. एईजी, बॅटरीवर मोटर, गिअर आणि पिस्टन. आणि गॅसची, जी आवाज आणि धक्क्याला सगळ्यात मजेदार, पण गॅसचा डबा (आत बहुतेक प्रोपेनच असतो) कणकवलीत कुठे मिळणार आणि मुंबईहून मागवायचा तर तोही पार्सलने, म्हणून मी ती आधीच बाद केली. शेवटी सहा स्प्रिंगच्या रायफली २,६०० ला एक अशा, आणि मुंबईच्या एका खेळाडूकडून दोन जुन्या एईजी, ९,५०० आणि ८,००० ला. गॉगल ८५० चे आठ. बेरीज करून बघा, ३९,९०० होतात, उरलेल्या शंभराचा चहा झाला. आता मागे वळून बघताना वाटतं आठही स्प्रिंगच्याच घ्यायला हव्या होत्या. स्प्रिंगवाल्याला प्रत्येक छऱ्यामागे खेचायचे कष्ट आहेत त्यामुळे तो नेम धरतो, एईजीवाला नुसता पाऊस पाडतो आणि समोरचा चिडतो. मग आम्ही एईजी एका टीमला एकच, आणि तीही सिंगल शॉटवर असा नियम केला.

गॉगलवर पैसे वाचवू नका, हे एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. बंदुकीत काटकसर केली तर फार तर छरा वाकडा जाईल. गॉगल चेहऱ्याला चारी बाजूंनी चिकटणारा हवा, आणि त्यावर झेड ८७.१ किंवा ईएन १६६ असं (डोळ्यांच्या सुरक्षेचं मानक) कोरलेलं बघून घ्या. उन्हाचा गॉगल, मोटारसायकलचा गॉगल, वेल्डिंगवाल्याचा चष्मा, यातलं काही चालत नाही. कोकणात मात्र याचा एक त्रास आहे जो पुण्याच्या व्हिडिओत दिसत नाही: दमट हवेत पाच मिनिटांत आतून वाफ धरते. त्यावर जाळीचे गॉगल येतात, वाफ धरत नाही, पण छरा फुटला तर तुकडा जाळीतून आत जाऊ शकतो, म्हणून डोळ्याला बंद गॉगल आणि फक्त तोंडाला जाळी. वाफेवर आमचा उपाय म्हणजे भांडी घासायचं लिक्विड, एक थेंब आतून बोटाने पसरायचा, वाळला की मऊ फडक्याने पुसून घ्यायचा. अर्धा तास तरी निभावतं.

बंदुका सप्टेंबरअखेर आल्या आणि ऑक्टोबरभर मी मांगरात (शेतावरच्या खोपीत) बसून त्यांच्याशी खेळत होतो, दुकान बंद केल्यावर. पुण्याच्या भावाने वेग मोजायचा क्रोनो मित्राकडून मागून पाठवला. एईजी ०.२० ग्रॅमच्या छऱ्याला ३३० एफपीएस (सेकंदाला इतके फूट), म्हणजे साधारण एक ज्यूल. इंग्लंडात ऑटोमॅटिकला १.३ ज्यूलची मर्यादा असते, जपानात एकाच्याही किंचित खाली, तर त्या हिशोबात आम्ही ठीक होतो. पण स्प्रिंगच्या एका रायफलीने ४०० दाखवलं, दीड ज्यूल. स्वस्तातली बंदूक जास्त जोरात मारत होती! तिची स्प्रिंग बदलून नरम घातली. क्रोनो मिळत नसेल तर मागून आणा पण त्याशिवाय माणसावर झाडू नका, खोक्यावर लिहिलेला आकडा निव्वळ सजावट असते.

आणि हॉप-अप. नळीच्या मागच्या टोकाशी, जिथून छरा आत शिरतो तिथे, एक छोटा रबर असतो, तो छऱ्याला वरून घासतो, त्यामुळे छरा उलटा गरगरत जातो आणि हवेत तरंगल्यासारखा लांब जातो. मी फणसाच्या झाडाला टीव्हीचं खोकं बांधलं आणि तीस पावलांवरून मारायला बसलो. रबर कमी-जास्त दाबायचं चाक पूर्ण सैल, छरा पंधरा पावलांवर मातीत. एक खटका फिरवला, थोडा पुढे. आणखी दोन, आता सरळ जातोय जातोय आणि शेवटी जरासा उचलून मग पडतोय, हे बरोबर. आणखी एक फिरवला तर छरा उठून फणसाच्या शेंड्यात, वरून कावळा ओरडत उडाला. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पांढरा छरा जाताना स्पष्ट दिसतो, त्यामुळे ही जुळणी साडेपाचला करायची, दुपारी नाही. जत्रेतले ०.१२ चे पिवळे छरे एईजीत घालू नका, त्यांना मधोमध शिवण असते, अडकतात. आमच्याकडे वाऱ्यामुळे ०.२५ बरे पडले. तेल सिलिकॉनचंच. दुकानातला गंज काढायचा स्प्रे मी एकीला मारला आणि आठवड्यात तो रबर फुगून बसला, दीडशेचा रबर आणि दोन रात्री गेल्या. खाऱ्या हवेने बाहेरचे स्क्रू मात्र गंजतातच, त्यांना पुसून ठेवा. एईजीची लिपो बॅटरी फुगली की परत वापरू नका, हे मी मोबाइलवाला म्हणून सांगतो, रोज बघतो.

आता कागदपत्रं. तुम्ही म्हणाल स्वतःच्या सड्यावर खेळायला कसली कागदपत्रं. पण आपल्या किनाऱ्यावर हातात बंदुकीसारखं काही घेऊन फिरणं म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. २०१६ च्या सप्टेंबरात उरणला शाळेतल्या पोरांनी बंदूकधारी बघितले म्हटल्यावर सगळा किनारा हाय अलर्टवर होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला वाहत आलेल्या बोटीत एके ४७ सापडल्या. वर दरवर्षी सागर कवचची, म्हणजे किनारा सुरक्षेची, ड्रिल असते. आमच्या पोलीस पाटलांना फोटो दाखवला तर पहिला प्रश्न, "रे झिला, सागर कवच आसा काय?" त्यांनीच सांगितलं, पोलीस स्टेशनला लेखी कळव, जागेचा सातबारा जोड आणि जागेवाल्यांची संमती घे.

सातबारा ऑनलाइन डिजिटल सहीचा १५ रुपयात निघाला, पण उघडून बघतो तर १९ नावं. त्यातली चार मुंबईत, एक बडोद्याला, एक तर वारलेत आणि वारस नोंद झालेली नाही. गणपतीत हे सगळे एका घरात मोदक खात होते आणि तेव्हा मला सुचलं नाही. (कोकणात कुठलाही कागद करायचा असेल तर गणपतीत सह्या घ्या, हे मी माझ्या मुलांनाही सांगणार आहे.) स्टॅम्पपेपर करायला गेलो तर कळलं १०० चा आता चालत नाही, ५०० चा झालाय. पाटील म्हणाले साधा कागद पुरे, वहिवाट ज्यांची आहे त्यांची सही महत्त्वाची. म्हणजे काकांची. काका लगेच तयार झाले, इतके लगेच की मला संशय आला, आणि सही करता करता म्हणाले, "माकडांका हाकलशात मां?" त्यांचा डाव हा होता. माकडांनी नारळ आणि काजूची वाट लावलीय हे खरं आहे, पण म्हटलं काका, जनावरावर छरा मारायचा नाही, डोळा जाईल त्याचा, आणि वन्यजीव कायद्यात आपण आत जाऊ. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी काकीने सही आणून दिली.

१७ ऑक्टोबरला अर्ज घेऊन पोलीस स्टेशनला गेलो. आणि काय मुहूर्त, १५ तारखेलाच विधानसभेची आचारसंहिता लागलेली. बाहेर रांग होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका जमा करायला आलेले लोक, कुणी गोणपाटात गुंडाळलेली, कुणी जुन्या चादरीत. माझ्या पुढच्या आजोबांनी विचारलं, "तुझी खंय हा?" मी मोबाइलमधला फोटो दाखवला, त्यांनी चष्मा वर करून बघितला, "प्लास्टिकाची?" आणि मागच्याला दाखवायला माझा मोबाइल घेऊन गेले. रांगभर फिरून आला मोबाइल. आतल्या अंमलदारांनी अर्ज वाचला आणि परत दिला, २३ नोव्हेंबरला निकाल लागू दे, मग या. आणि तोपर्यंत त्या घराबाहेर काढू नका. बरोबरच होतं त्यांचं.

२५ नोव्हेंबरला गेलो, साहेब बंदोबस्तात. २८ ला गेलो, भेटले. घाटावरचे असावेत बोलण्यावरून. म्हणाले एक घेऊन या बघू, मग परत गाडीतून क्रिकेट किटची बॅग आणली, सोबत बिलं. मागच्या आवारात चहाचा कागदी कप भिंतीवर ठेवला आणि मला मारायला सांगितलं. पहिला छरा चुकला, घाम फुटला मला. दुसरा लागला, कप पडला, एका बाजूला भोक, दुसरी बाजू शाबूत. त्यांनी कप उचलून भोकात करंगळी घालून बघितली आणि म्हणाले, "डोळे सांभाळा म्हणजे झालं." अटी तोंडी सांगितल्या: नळीचं टोक भगवं रंगवा, रस्त्यावरून उघडी न्यायची नाही, अठराच्या आतलं पोर नको, खेळायच्या आदल्या दिवशी स्टेशनला आणि पाटलांना फोन, समुद्राच्या बाजूला तोंड करून कुणी उभं राहायचं नाही. परवानगी असा कागद काही मिळाला नाही हे स्पष्ट लिहितो. मिळाली ती माझ्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का, म्हणजे माहिती दिल्याची पोहोच. दोन झेरॉक्स काढल्या, एक बॅगेत, एक गाडीत. टोकाला काकीच्या तुळशीवृंदावनाचा उरलेला गेरू लावून बघितला, तो घामाने हाताला आला, मग ऑइल पेंटचा ४५ रुपयांचा डबा आणला.

२२ डिसेंबर, रविवार. आंब्याच्या बागेत जायचं नाही हे आधीच ठरलेलं, मोहोर आलेला, वर फवारणी. काजूच्या खालचा मोकळा सडा घेतला. आदल्या दिवशी मी आणि भाऊ पूर्ण चालून आलो, कातळात कुठे काही कोरलेलं नाही ना बघायला, कारण कुडोपीसारखी कातळशिल्पं कुठल्या सड्यावर निघतील सांगता येत नाही आणि २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, त्यावर आठ जणांनी बूट घासत लोळायचं म्हणजे लाज. काही नव्हतं. कडेने ताडपत्री बांधली, हद्दीला लाल फडकी, आईच्या जुन्या साडीची. हिट झालेल्याने डोक्यावर धरायचंही तेच फडकं.

सव्वानऊला शिट्टी झाली. पहिल्या खेळात मी करवंदीच्या जाळीमागे पालथा पडलो आणि बराच वेळ काहीच झालं नाही, नुसता वारा आणि माझाच श्वास गॉगलमध्ये. मग डावीकडे चट्ट असा आवाज आणि मांडीवर सुई टोचल्यासारखं. जीन्सवरून लागलं तरी दोन दिवस वळ होता. ओरडलो हिट. बाहेर जाऊन बसलो तर काय आश्चर्य, जो भाऊ जन्मात आउट झाला नाही तो फडकं डोक्यावर घेऊन आधीच बसलेला. म्हणाला, लागलं ते मलाच माहीत होतं, खोटं कसं बोलू. आणखी एकाने मात्र तीनदा "लागला नाय" केलं, त्याला पुढच्या खेळात चहा करायला बसवला.

दुसऱ्या खेळात दोन गोष्टी झाल्या. एकाने वाफ पुसायला मैदानातच गॉगल वर केला. मी दिसताक्षणी शिट्टी मारली, सगळे थांबले, आणि त्याला सगळ्यांनी मिळून असं झापलं की बिचारा रडवेला झाला. पण त्याला पर्याय नाही. काही दिसेनासं झालं तरी गॉगल लावूनच हात वर करून बाहेर यायचं. आणि मग माझी पाळी. जांभ्याच्या गडग्यामागे (दगडी कुंपणामागे) होतो, समोरून मारलेला छरा गडग्यावर आपटून उडाला आणि वरच्या ओठावर बसला. जाळीचा मास्क मी गरम होतंय म्हणून गळ्यात अडकवला होता. ओठ फुटला, दात वाचला. डॉक्टरकडे जायची वेळ आली नाही, पण जेवताना सोलकढी झोंबत होती आणि सगळे हसत होते. माती छरा गिळते, कातळ आणि जांभा परत फेकतो, हे मैदान निवडताना लक्षात घ्यायला हवं होतं.

अकराच्या सुमारास पाटलांचा फोन. खाडीतून येणाऱ्या होडीवाल्याने सड्यावर बंदूकवाले बघितले आणि त्यांना कळवलं. पाटलांनी माझी पोरं आहेत म्हणून सांगितलं होतं, तरी मला म्हणाले ताडपत्री त्या बाजूने अजून एक लाव. लावली. एकापर्यंत सहा खेळ झाले.

छऱ्यांची एक किलोची पिशवी घेतली होती, ०.२५ चे म्हणजे चार हजार. खेळ संपल्यावर काका कमरेवर हात ठेवून उभे, एकही शिल्लक राहता नये, गुरं चरतात इथे. विरघळणारे छरेही मिळतात पण तेही काही आठवड्यात मातीत जात नाहीत. मग आठ जण वाकून साडेतीनपर्यंत छरे वेचत होतो, दीडेक किलो गवत आणि छरे मिळून जमले, पैकी छरे किती देव जाणे. काका समाधानाने घरी गेले.

परवा, मार्चच्या शेवटी, काकी काजू जमवून आली. पडवीत बसून तिने टोपली ओतली, बोंडं वेगळी, बी वेगळी, आणि तळाला राहिलेले मूठभर पांढरे छरे माझ्या हातावर ठेवले.

"ही घे तुझी बी. हिचो दर काय आसा?"